एकोणचाळीस डॉलरच्या शिव्या

टेलिपरफॉर्मन्स ही कॉल सेंटरच्या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी कंपनी. २०२५ च्या सुरुवातीला तिनं सांगितलं, की भारतातल्या एजंटांचा उच्चार बोलता बोलताच बदलून टाकणारं सॉफ्टवेअर ती वापरते आहे. सॅनस नावाच्या अमेरिकी कंपनीनं ते बनवलंय. एजंट आपल्या पद्धतीनं बोलणार, पलीकडच्या कानात मात्र गोरा उच्चार पडणार. त्यानं म्हणे ग्राहकाशी जवळीक वाढते आणि कॉलचा वेळही वाचतो.

कुरुळीत बसून हे वाचलं आणि मला संताप आला. हेच काम आमच्या पिढीनं यंत्राशिवाय, स्वतःच्या जिभेनं केलं होतं, आणि त्याचा आम्हाला मूर्खासारखा अभिमान वाटायचा. वीस वर्षांनी धंद्यानं काय शोधून काढलं, तर एजंटच्या जिभेवरचा उपाय! ग्राहक का चिडतो, याकडे तेव्हाही कुणी पाहिलं नाही आणि आताही पाहत नाहीत.

या धंद्याची जन्मकथा मला कंटाळवाणी वाटते, कारण तिच्यात नुसते साहेब आहेत. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजनं मुंबईत बॅक ऑफिसचं कामकाज आणलं, त्यातून पुढं डब्ल्यूएनएस ही कंपनी झाली. १९९७ मध्ये जीईनं गुडगावात दुकान मांडलं. २००२ मध्ये विप्रोनं स्पेक्ट्रामाइंड घेतली. पुढं पुण्यात काचेच्या इमारती उठल्या आणि पेपरात ‘फ्रेशर्स वेलकम’च्या जाहिराती येऊ लागल्या. मला गोडी आहे ती २००४ नंतरच्या दहा वर्षांत, कारण ती मी हेडसेट लावून काढली.

तेव्हाची कुरुळी म्हणजे पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेलं गाव. अलीकडे चिंबळी फाटा, इंद्रायणीपलीकडे मोशी, पुढं चाकणचा कांदा बाजार. वजनकाटे, गोदामं आणि भाड्याच्या खोल्या यांचा आजच्यासारखा गराडा पडायचा होता. रात्रपाळीचं गावाला नवल नव्हतं. भोसरीत थर्ड शिफ्ट करणारी माणसं घरटी होती, माझे वडील त्यांतलेच. पण ती पुरुषांची रात्रपाळी. कारखाने कायद्याचं कलम ६६ बाईला संध्याकाळी सातनंतर यंत्रापाशी उभं राहू देत नव्हतं. कॉल सेंटरांना मात्र सरकारनं वाट मोकळी करून दिली होती. त्यामुळे बी. ए. इंग्लिश झालेली मुलगी संध्याकाळी पावडर लावून निघते आणि पहाटे परत येते, हे चिंबळी फाट्यावरच्या टपरीला बरेच दिवस पचलं नाही.

त्यात कुरुळी कंपनीच्या ‘बाउंड्री’बाहेर. कॅब भोसरीपर्यंतच यायची. पुढं वडील एम-८० घेऊन थांबलेले असायचे. पहाटे, ट्रकांच्या धुरळ्यात, बापलेक दोघंही पाळी करून घरी. ते विचारायचे, ‘आज कुणी बोललं का गं?’ मी म्हणायचे, ‘नाही.’ रोज कुणी ना कुणी बोललेलं असायचं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे करायला शिकवलं, ‘र’ तोंडातल्या तोंडात वळवायला शिकवलं. मला नाव दिलं केली. आमची आजी म्हणायची, केळी हे काय माणसाचं नाव आहे? चिडलेल्या ग्राहकासाठी एक वाक्य घोटून घेतलं: ‘आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन.’ ट्रेनर सांगायचे, ‘डोन्ट टेक इट पर्सनली.’ ग्राहक चिडतो तो त्याचा स्वभाव आणि आपण शांत राहतो ते आपलं कौशल्य, असा एकूण धडा. त्या ट्रेनरसाहेबांशी माझा हिशेब अजून बाकी आहे.

कारण आमची प्रोसेस, म्हणजे आमच्याकडे दिलेलं काम, क्रेडिट कार्डांची होती, आणि लोक का चिडतात हे आमच्या स्क्रीनवर लिहिलेलं असायचं. बिल एक दिवस उशिरा भरलं, लेट फी एकोणचाळीस डॉलर. त्या फीनं कार्डाची मर्यादा ओलांडली, की ओव्हर लिमिटची आणखी फी. त्यावर व्याजदर वाढलेला. वीस डॉलरच्या खरेदीचं शंभराचं बिल झालं, की माणूस ओरडणार नाही तर काय करणार? आमच्या हातात होती वर्षातून एकदा फी माफ करायची मुभा. तीही त्यानं स्वतः मागितली तरच द्यायची. दुसऱ्यांदा फोन आला, की ‘सॉरी, सर.’ मग सुपरवायझर मागायचा, सुपरवायझर म्हणून शेजारच्या खुर्चीतला मुलगा बोलायचा आणि तोही ‘सॉरी, सर’ म्हणायचा.

घड्याळ होतंच. एएचटी, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लागला. आमची मर्यादा सहा मिनिटांची. प्रश्न सुटायला पंधरा मिनिटं लागणार असतील, तर शहाणा एजंट सहाव्या मिनिटाला गोड आवाजात दुसऱ्या विभागाचा नंबर द्यायचा. त्याचा आकडा चांगला लागायचा, महिन्याला त्याला व्हाउचर मिळायचं. ग्राहक तिकडे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसायचा आणि त्याच्या वाटच्या शिव्या तिसऱ्याच मुलीला. वाईट सेवा आळशीपणातून येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या फ्लोअरवर बसायला हवं होतं. ती मोजूनमापून दिली जायची.

शिव्यांत प्रकार होते. पैशापायी आलेली शिवी मला फारशी लागली नाही. देशावरून आलेली लागायची. २००४ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या एका रेडिओवाल्यानं कार्यक्रम सुरू असताना भारतातल्या कॉल सेंटरला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला ‘उंदीर खाणारी’ म्हणून हजारो लोकांना हसवलं. त्या वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीत नोकऱ्या बाहेर जातात हा मुद्दा तापला होता, आणि तो ताप रात्री दोन वाजता आमच्या कानात यायचा. तोवर २००५ चा एप्रिल आला. पुण्यातल्या एम्फॅसिसच्या बीपीओतल्या काही जणांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांकडून पिन काढून घेऊन साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम लांबवली. त्यानंतर फ्लोअरवर कागद-पेनसुद्धा बंद. आणि ग्राहक विचारू लागले, ‘तू पुण्याची का?’ मी केली होते. पुणं कुठंय हे मला माहीतच नसायला हवं होतं.

शिवीगाळ झाली, तर तीन वेळा समज देऊन फोन ठेवायचा नियम होता. कागदावर. ठेवला की क्वालिटीवाला तो कॉल काढून ऐकायचा आणि विचारायचा, तिसरी समज देताना तुझ्या आवाजात हसू का नव्हतं? म्यूटचं बटण दाबून आम्ही मराठीत काय बोलायचो, ते इथं छापता येणार नाही.

पण शिव्यांनी कुणी मेलं नाही. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यातल्या एका बीपीओत कामाला निघालेल्या तरुणीला कंपनीच्याच कॅबचा चालक आणि त्याचा साथीदार गहुंज्याकडे घेऊन गेले. बलात्कार आणि खून. त्यानंतर कॅबमध्ये रखवालदार आला, बाईला शेवटची उतरवायची नाही असा नियम आला. आमच्याबरोबरच्या किती तरी मुलींची नोकरी घरच्यांनी त्याच आठवड्यात बंद केली. दोघांना फाशी झाली. अंमलबजावणी रखडली म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ती ३५ वर्षांच्या कैदेत बदलली. ‘सॉफ्ट स्किल्स’च्या भाषणांत या रात्रीचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

२००८ मध्ये बँका कोसळल्या आणि कॉलचा सूर पालटला. ओरडणारे कमी झाले, रडणारे वाढले. २००९ मध्ये ओबामांनी क्रेडिट कार्डांच्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपासून पहिल्या चुकीची लेट फी पंचवीस डॉलरवर अडवली गेली. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं ‘इरेट कस्टमर’ असा शेरा मारत होतो, त्यांचं म्हणणं अमेरिकेच्या संसदेनं मान्य केलं होतं. ट्रेनरसाहेब तोवर बढती घेऊन मनिलाला गेले होते. फोनवरचं बरंचसं कामही त्यांच्यामागं तिकडेच निघालं होतं.

मी आले देशी प्रोसेसमध्ये, मोबाईलच्या मराठी लाइनवर. पगार कमी, पण स्वतःचं नाव परत मिळालं. इथल्या शिव्या मुळापासून कळायच्या, त्यामुळे जास्त लागायच्या. चाकण पट्ट्यात तेव्हा जमिनीचे पैसे आले होते. ‘मी कोण आहे माहितीये का?’ हा प्रश्न रोजचा. आणि ‘ए पोरी’ म्हणून सुरुवात करणारा आजोबा शेवटी ‘जेवलीस का गं’ विचारून फोन ठेवायचा, असं अमेरिकेत कधी झालं नाही. चिडण्याचं कारण इथंही पैशाचंच: न मागता चिकटवलेली कॉलर ट्यून, महिन्याला तीस रुपये. त्या आजोबांना कॉलर ट्यून म्हणजे काय हे समजावण्यातच सहा मिनिटं जायची. २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं अशा सेवांसाठी दोनदा संमती घेणं बंधनकारक केलं. म्हणजे ओरडणारे इथंही खरेच होते.

पण त्या दोन-तीन वर्षांत ग्राहकाच्या हातात एक शस्त्र होतं. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ‘पोर्ट करीन’ एवढं म्हटलं, की आमच्या स्क्रीनवर वेगळी खिडकी उघडायची आणि आम्हाला पैसे परत करायचे अधिकार मिळायचे. महाराष्ट्रात तेव्हा डझनभर कंपन्या होत्या. या सगळ्या वर्षांत मी दिलेली खरी चांगली सेवा तेवढ्याच काळातली.

नंतरचं झटपट उरकते. २०१४ मध्ये मी नोकरी सोडली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, ऑक्टोबरात मीरा रोडला अमेरिकी करखात्याच्या नावानं लोकांना लुबाडणारी बनावट कॉल सेंटरं पकडली गेली आणि आमच्या जुन्या पेशाची उरलीसुरली पत गेली. २०१८ मध्ये आयडिया-व्होडाफोन एक झाल्या. आता तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. पोर्ट करून जाणार कुठं?

यंदा आमच्या गल्लीत कुणीतरी खोदलं आणि घरचं इंटरनेट गेलं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं सारखंच आहे. फोनवर मुलगी नाही, मुलीचा आवाज. ती म्हणाली, तुमची गैरसोय मी समजू शकते. माझंच वाक्य, मराठीत! तिच्यावर कितीही ओरडा, शेरा मारणारं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली. नेट बंदच.

शेजारच्यांचा मुलगा हिंजवडीत कर्जवसुलीच्या प्रोसेसमध्ये आहे. आमचे महिन्याचे मोजके कॉल क्वालिटीवाला ऐकायचा. त्याचा प्रत्येक कॉल यंत्र ऐकतं आणि सहानुभूतीला मार्क देतं. परवा एका बाईनं त्याला अर्धा तास झापलं. नवरा अपघातात गेलेला, वरून हप्त्याचा दंड. यानं स्क्रिप्ट सोडून तिला सांगितलं, की कर्जाबरोबर विमा काढलेला आहे, बँकेत जाऊन त्याचा दावा करा. यंत्रानं वेळेचे मार्क कापले, स्क्रिप्ट सोडल्याचे कापले. सहानुभूतीचेही कापले, कारण ठरलेलं वाक्य तो बोललाच नव्हता.

‘मावशी, अपील करता येतं,’ तो म्हणाला, ‘पण तेही यंत्रच बघतं.’