हरितगृहांना कराचा चिमटा, अनुदानाचा आधार

नेदरलँड्समधील सुमारे १० हजार हेक्टरवरील काचेच्या हरितगृहांतून टोमॅटो, ढोबळी मिरची आणि फुले युरोपभर जातात. थंडीत ही हरितगृहे उबदार ठेवण्यासाठी मात्र नैसर्गिक वायू जाळावा लागतो. त्यातून उष्णतेबरोबर वीजही तयार होते. धुरातील कार्बन डायऑक्साइड पिकांना दिला जातो आणि जादा वीज विकली जाते.

या व्यवस्थेतील धोका २०२२ मध्ये उघड झाला. युक्रेन युद्धामुळे वायूचे दर भडकले आणि अनेकांनी हिवाळ्यात हरितगृहे रिकामी ठेवली. त्याच वर्षी सरकार व उत्पादक संघटनांनी २०४० पर्यंत हे क्षेत्र हवामानदृष्ट्या तटस्थ करण्याचा करार केला.

त्यासाठीचे धोरण दुहेरी आहे. २०२५ पासून हरितगृहांवर स्वतंत्र कार्बन कर लागू झाला असून, वायूवरील करसवलती टप्प्याटप्प्याने काढल्या जात आहेत. दुसरीकडे भूगर्भातील उष्णता आणि ऊर्जाबचतीच्या साधनांना अनुदान मिळते.

खरी अडचण पुढेच आहे. वायू बंद केला की पिकांना लागणारा कार्बन डायऑक्साइडही बंद होतो; तो बाहेरून आणावा लागतो. रॉटरडॅम बंदरातील उद्योगांकडून तो नळाने पुरविण्याची सोय २००५ पासून आहे. पण ती सर्वत्र पोहोचत नाही. खोल विहिरींचा खर्चही एकट्या लहान उत्पादकाला झेपणारा नाही. पर्यायी उष्णतेआधी कराचा बोजा पोहोचला, तर उत्पादन परदेशी जाईल आणि प्रदूषण केवळ जागा बदलेल.