सगळ्यांना सारखेच वागवले, तरी चुकते कुठे?
ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल रुग्ण आणि डॉक्टरांचे शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑस्ट्रेलियात डॉक्टर व्हायचे तर ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा विषय आता टाळता येत नाही. २००४ साली तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी मूळ रहिवाशांच्या आरोग्याचा अभ्यासक्रम-आराखडा तयार केला. पुढे ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलने महाविद्यालयांना मान्यता देण्याच्या निकषांतच हा विषय घातला. २०२२ मध्ये डॉक्टर-परिचारिकांच्या नोंदणीच्या राष्ट्रीय कायद्यातही त्याचा समावेश झाला. एवढे होऊनही विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि बाहेरदेशांतून तिथे जाणारे डॉक्टर यांच्या मनात त्याविषयी बरेच गैरसमज आहेत. त्यांची किंमत रुग्ण मोजतात. २०२०-२२ च्या आकडेवारीनुसार ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर या मूळ रहिवासी समाजांतल्या पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ७१.९ वर्षे आहे आणि स्त्रियांचे ७५.६. देशातल्या इतरांपेक्षा ते अनुक्रमे ८.८ आणि ८.१ वर्षांनी कमी आहे.

गैरसमज : चालीरीतींची यादी पाठ केली की झाले

डोळ्याला डोळा भिडवू नये, मृताचे नाव घेऊ नये, स्त्रीला स्त्री डॉक्टरने तपासावे. यातले काही काही ठिकाणी खरेही आहे. पण ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांच्या २५० हून अधिक भाषा होत्या आणि तितकेच वेगवेगळे समाज. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला रिवाज सिडनीच्या रेडफर्नमध्ये वाढलेल्या बाईला लागू होईलच असे नाही. शिवाय ॲबोरिजिनल म्हणजे दूर रानात राहणारे, हे चित्रही चुकीचे आहे. सुमारे ८५ टक्के लोक शहरांत आणि दुर्गम नसलेल्या इतर भागांत राहतात. यादी पाठ केलेला विद्यार्थी समोरच्या माणसाऐवजी यादीकडेच पाहत बसतो.

मुळात हा विचार चालीरीतींपासून सुरू झालाच नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमधल्या एका सभेत एका माओरी विद्यार्थिनीने विचारले, की परिचारिकांना कायद्याची, नीतीची, उपचारांची सुरक्षितता शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने त्या प्रश्नातून हा सारा विचार उभा केला. विद्यार्थ्याने रुग्णाच्या संस्कृतीचा अभ्यासक होण्याआधी स्वतःकडे पाहावे, हे तिचे म्हणणे. माझ्या हातात कोणती सत्ता आहे, कोणती गृहीतके घेऊन मी या खाटेपाशी उभा आहे, हे त्याने आधी तपासावे. मला स्वतःला हा या विषयाचा गाभा वाटतो, आणि शिकवायला सगळ्यात अवघड भागही हाच.

गैरसमज : मी सगळ्यांना सारखेच वागवतो, मग प्रश्नच नाही

हे वाक्य चांगल्या मनाची माणसे बोलतात. पण रुग्णालयात येणारे सगळे सारखा इतिहास घेऊन येत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यासमोर बर्नियर आणि डोर ही दोन बेटे आहेत. १९०८ ते १९१९ या काळात गुप्तरोगाच्या नुसत्या संशयावरून ॲबोरिजिनल माणसांना पकडून तिथल्या ‘इस्पितळांत’ ठेवले जाई. पुरुष एका बेटावर, बायका दुसऱ्या. अनेकांना गळ्यात साखळ्या घालून नेले गेले आणि कित्येक जण परत आलेच नाहीत. पुढे विसाव्या शतकात कित्येक दशके मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. काही बाळे तर प्रसूतीनंतर रुग्णालयातूनच नेली गेली. १९९७ च्या सरकारी चौकशी अहवालात या साक्षी नोंदल्या गेल्या आणि २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. ज्या आजीने हे पाहिले तिची नात आज प्रसूतीसाठी दारात उभी आहे. तिची भीती अडाणीपणातून आलेली नाही, ती घरच्या आठवणीतून आली आहे.

ही भीती ओळखली तर दवाखान्याची रचनाच बदलता येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारून, त्यांच्या गावासारखा, दंतेश्वरी देवीच्या नावाचा दवाखाना बांधला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात १९७१ साली रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःच चालवलेली पहिली आरोग्यसेवा सुरू झाली. आज देशभरात अशा १४० हून अधिक सेवा आहेत आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी तिथे पाठवले जाते.

गैरसमज : हा शिष्टाचाराचा विषय आहे, वैद्यकाचा नाही

नेओमी विल्यम्स ही न्यू साउथ वेल्समधल्या टूमुट गावची २७ वर्षांची, विराजुरी या ॲबोरिजिनल समाजातली तरुणी. गरोदर होती. आधीच्या काही महिन्यांत ती पुन्हा पुन्हा गावच्या रुग्णालयात गेली होती, पण तिला तज्ज्ञाकडे पाठवले गेले नाही. २०१६ च्या पहिल्या दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर ती वेदनांनी तिथे पोहोचली. पॅरासिटामॉल देऊन तिला घरी पाठवण्यात आले. त्याच दिवशी मेनिन्गोकॉकस जंतूच्या संसर्गाने रक्तात विष पसरून (सेप्सिस) ती गेली आणि पोटातले बाळही गेले. २०१९ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने उपचारांतल्या त्रुटी नोंदवल्या आणि कर्मचाऱ्यांच्या मनातला नकळत असलेला पूर्वग्रह तपासण्याचे उपाय सुचवले. सेप्सिस वेळेवर ओळखणे हे वैद्यकच आहे. ‘ही नेहमीचीच आहे’ असे मनात आले, की हात नाडीपर्यंत पोहोचतच नाही.

ॲबोरिजिनल म्हणजे दारू पिणारे, हा समजही याच जातीचा. ॲबोरिजिनल लोकांत दारू अजिबात न पिणाऱ्यांचे प्रमाण इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे. झोकांड्या खाणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा आधी तपासावी, त्याच्याविषयी मत नंतर बनवावे.

गैरसमज : हे रुग्ण सांगितलेले ऐकत नाहीत

डार्विनमधल्या डायलिसिस केंद्रात योल्ङु या ॲबोरिजिनल समाजातले रुग्ण आणि कर्मचारी यांच्यातले संवाद चित्रित करून एक अभ्यास झाला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. संवाद जागोजागी तुटत होता आणि बहुतेक वेळा तो तुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नव्हते. इंग्रजी ही ज्याची तिसरी-चौथी भाषा आहे तो रुग्ण डॉक्टरचा मान राखायला किंवा सुटका करून घ्यायला ‘हो’ म्हणतो. डॉक्टर त्या ‘हो’ला संमती समजतो. मग फाइलवर शेरा पडतो : रुग्ण सहकार्य करत नाही. उपचार अर्धवट टाकून घरी गेलेल्यांचेही तसेच. तो का गेला, दुभाषा बोलावला होता का, घरी कोणाचे काय झाले होते, हे प्रश्न विचारायला विद्यार्थ्याला शिकवले जाते.

यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘क्लिनिकल यार्निंग’ ही पद्धत आकाराला आली. यार्निंग म्हणजे निवांत गप्पा. आधी ओळखपाळख : तुमचे गाव कुठले, माणसे कोण, आणि डॉक्टरनेही आपले सांगायचे. मग रुग्ण आजाराची गोष्ट त्याच्या क्रमाने सांगतो. उपचारांचे बोलणे त्यानंतर. यात वेळ जातो ही तक्रार खरी आहे. पण चुकलेल्या निदानात त्याहून जास्त वेळ जातो.

गैरसमज : एक कार्यशाळा केली, प्रमाणपत्र मिळाले

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर-परिचारिकांच्या नियामक संस्थेची व्याख्या स्पष्ट आहे : सेवा सुरक्षित होती की नाही हे ॲबोरिजिनल व्यक्ती, कुटुंबे आणि समाज ठरवतात. प्रमाणपत्र भिंतीवर टांगणाऱ्या डॉक्टरला तो अधिकार नाही. म्हणून चांगल्या महाविद्यालयांत हा विषय पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत चालतो, परीक्षेत येतो आणि तो ॲबोरिजिनल शिक्षक शिकवतात. मात्र देशातल्या डॉक्टरांत मूळ रहिवासी एक टक्क्याहूनही कमी आहेत. मूठभर शिक्षकांवर सगळा भार पडतो आणि वर्गातला वंशवादही त्यांनाच झेलावा लागतो. हा भार इतर प्राध्यापकांनी उचललाच पाहिजे.

महाराष्ट्रातून ऑस्ट्रेलियात जाऊ पाहणारे तरुण डॉक्टर परीक्षेची तयारी कसून करतात. त्यांना विनंती आहे : नेमणूक झाली की पहिल्याच आठवड्यात तिथल्या ॲबोरिजिनल आरोग्य कार्यकर्त्याला भेटा, इथले लोक या रुग्णालयाबद्दल काय बोलतात ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या.