सेफ्टीचं रेकॉर्ड एका रात्रीत भरता येत नाही! (डेंटल क्लिनिकचं उदाहरण)



माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मागे एका डेंटल क्लिनिकमधली ताई कोरं रजिस्टर घ्यायला आली. सोबत तीन वेगवेगळी पेनं. मी विचारलं, तीन कशाला? हसून म्हणाली, "दादा, सहा महिन्यांचं आज रात्रीत भरायचंय. एकाच पेनाने लिहिलं तर कळेल ना!"

काही आठवड्यांनी तिथल्याच असिस्टंट मुलीला वापरलेली सुई टोचली. हिपॅटायटिस बीचे तिचे सगळे डोस झालेत का? रजिस्टरमध्ये लिहिलं होतं "झाले". पण ते त्याच रात्री लिहिलेलं! त्यावर विश्वास कोण ठेवणार? रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत त्या मुलीने दिवस कसे काढले, ते तिलाच माहीत.

म्हणजे रेकॉर्ड हे तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी नसतं. आपल्या माणसांसाठी असतं.

काय काय अपडेट ठेवायचं?

१. बायोमेडिकल कचरा: २०१६ च्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. बेड नसलेल्या क्लिनिकला ती एकदाच घ्यावी लागते, म्हणून लोकांना वाटतं काम संपलं. नाही! कचऱ्याची रोजची नोंद, दरवर्षी ३० जूनच्या आत वार्षिक अहवाल आणि ५ वर्षांचं रेकॉर्ड, हे चालूच राहतं.

२. स्टाफ: कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा ट्रेनिंग आणि आरोग्य तपासणी. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. हिपॅटायटिस बीचे डोस साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. तिसराच विसरला जातो, कारण मध्ये पाच महिने जातात.

३. एक्स-रे मशीन: अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणी, आणि दोन वर्षांतून एकदा क्वालिटी टेस्ट.

४. अपघात रजिस्टर: सुई टोचली की वेळ, कुठलं उपकरण, कुठला पेशंट, काय उपचार केले, सगळं लगेच लिहा. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो २ तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. म्हणून वेळ लिहिणं महत्त्वाचं.

५. फायर एक्स्टिंग्विशर: रिफिलची तारीख.

चालू कसं ठेवायचं?

- एकच माणूस जबाबदार. "सगळे बघतात" म्हणजे कुणीच बघत नाही.
- एक तक्ता करा: काय, शेवटचं कधी झालं, पुढचं कधी, पुरावा कुठे. "पुढचं कधी" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा!
- मोबाईलमध्ये ६० दिवस आधीचा रिमाइंडर लावा.
- नुसतं "झालं" लिहू नका. लसीचं कार्ड, ट्रेनिंगची सह्यांची यादी, टेस्ट रिपोर्ट मागे जोडा.
- महिन्याच्या पहिल्या सोमवारी १५ मिनिटं मालकाने स्वतः तक्ता बघून सही करायची.

आणि एखादी नोंद राहिलीच तर? मागची तारीख टाकू नका. आजच्या तारखेने "राहिलं होतं, आज केलं" असं सरळ लिहा. राहिलेलं काम अजून करता येतं; खोटी नोंद मात्र ते काम राहिलंय हेच लपवते.

तुमचं क्लिनिक नसेल, पार्लर किंवा वडापावची गाडी असेल, तरी तक्ता हाच. फक्त ओळी बदलतील. आज दुकान बंद करण्याआधी पहिली ओळ लिहा, तीन पेनं घ्यायची वेळ येणार नाही!