पानातली तुरटी

लोणावळ्याला लोक येतात ते पावसात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं, चिक्कीचे खोके घ्यायचे आणि घरी. इथलं अंजनाचं झाड फुलतं ते मार्च-एप्रिलात, डोंगर करपलेले असताना. तेव्हा तिकडे कोण फिरकतंय!

लोणावळ्याजवळ कुरवंड्याकडच्या रानात मी पहिल्यांदा हा बहर पाहिला, तेव्हा फांदीला कुणी नीळ फासलीय असंच वाटलं. जून, उघड्या फांदीच्या पेरापेरांतून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके फुटलेले. फूल नखाएवढं, पाकळ्या चार, पुंकेसर आठ, तेही निळेच. पानं जाड, चकचकीत, समोरासमोर. एक फूल आणि दोन पानं तोडून वहीत ठेवली.

नावाचा घोळ आधी निस्तरायला हवा. खानदेशातला अंजन वेगळा. तो शेंगांच्या कुळातला, आपट्यासारख्या जोडपानांचा. घाटमाथ्यावरचा अंजन, किंवा अंजनी, म्हणजे मेमेसिलॉन अंबेलॅटम. लाकूड मात्र दोघांचंही कोयत्याची परीक्षा पाहणारं. मेमेसिलॉन हे नाव १७५३ साली लिनिअसने ग्रंथात घातलं, तेही उसनं: मूळ ग्रीक शब्द भलत्याच झाडाच्या फळाचा. आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेल्या या प्रजातीत तीनशेहून अधिक जाती आहेत.

शेजारच्या खंडाळ्याच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद केली ती फादर सांतापाव यांनी. हे स्पॅनिश जेझुइट मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकवायचे. त्यांचा खंडाळ्यावरचा ग्रंथ १९५३ साली निघाला. पुढे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतले पास्कल यांनी सह्याद्रीच्या सदाहरित रानांचे प्रकार पाडले, तेव्हा उत्तरेकडच्या रानाला तीन झाडांचं नाव दिलं: अंजन, जांभूळ, पिसा. जांभळाला बाजार आहे. पिशाला निदान रानात फिरणारे ओळखतात. पहिलं नाव ज्याचं, त्याच्याकडे मात्र सरपण म्हणूनच पाहिलं गेलं. तोडलं की बुंध्यातून पुन्हा फुटायचं, म्हणून ते टिकलं. घाटमाथ्याच्या कडेला वाऱ्याने ठेंगणी झालेली अंजनं दिसतात, त्यांतली कितीतरी अशी तोडीतून पुन्हा उभी राहिलेली.

खरी गंमत पानात आहे. हे झाड मातीतलं ॲल्युमिनियम ओढून पानांत साठवतं. बहुतेक झाडांना हा धातू बाधतो, याला मानवतो. कापूस रंगवताना रंग धाग्याला घट्ट धरावा म्हणून तुरटी लावतात, ती ॲल्युमिनियमसाठीच. तेच काम ही पानं करतात. अंजनाच्या पानांचा पिवळा रंग निघतो. त्यात हिरडा आणि पतंगाचं लाकूड मिसळलं की गडद तांबडा. ज्या रंगाऱ्यांनी हे जमवलं, त्यांनी धातूचं नावही ऐकलं नसणार. पान चांगलं हे त्यांना हाताने कळलं होतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या, धुऊन आम्ल झालेल्या जांभ्याच्या मातीत हा धातू मुळांना सहज मिळतो. म्हणजे रंगाऱ्याची तुरटी सह्याद्रीचा पाऊसच तयार करत होता म्हणायचं.

परवा ती वही सापडली. फुलाची निळाई कधीच उडून गेली होती. पानं पिवळी पडलेली, आणि खालच्या कागदावर त्यांचा पिवळट ठसा.