दोन चाळण्यांतून निघालेलं एन्झाइम

कामठीच्या कुठल्याही मेडिकलवर शुगरची औषधं मागणाऱ्यांची रांग तुटत नाही. त्यातलं सिटाग्लिप्टिन २०२२ मध्ये मुख्य पेटंट संपल्यापासून बरंच स्वस्त झालं. सेमाग्लुटाइडचं नाव वजन कमी करण्यासाठी अधिक गाजतंय. या दोन्ही औषधांची गाठ एकाच एन्झाइमशी पडते. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात येतं, इन्सुलिन वाढवतं आणि दोनेक मिनिटांत निकामी होतं, कारण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम ते तोडतं. सिटाग्लिप्टिन त्या एन्झाइमलाच अडवतं. सेमाग्लुटाइडमध्ये युक्ती निराळी आहे. डीपीपी-४ साखळीतल्या दुसऱ्या अमिनो आम्लापाशी तोडतं, म्हणून तिथलं अलानीन काढून एआयबी नावाचं अमिनो आम्ल बसवलं आहे. दोन्हींत फरक एका मिथाइल गटाचा, पण तेवढ्यानं एन्झाइमचं काम अडतं. आठवडाभर रक्तात टिकायला मेदाम्लाची एक शेपटीही लावलेली असते, तो भाग इथे सोडून देऊ.

आता अडचण अशी की प्रथिनं बांधायला पेशी जी वीस अमिनो आम्लं वापरते, त्यांत एआयबी नाही. म्हणून सेमाग्लुटाइडच्या साखळीचा मोठा भाग यीस्टकडून बनवून घेतात आणि एआयबी असलेला पुढचा तुकडा नंतर रासायनिक पद्धतीनं जोडतात. मग असं परकं अमिनो आम्ल पेशीलाच बसवायला का शिकवू नये?

नवी कामठीतल्या किशोरीताई भोयर फार्मसी कॉलेजात असो की आणखी कुठे, बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला जनुकीय संकेताचा तक्ता येतोच. तीन-तीन अक्षरांचे ६४ कोडॉन, त्यांतले ६१ अमिनो आम्लांचे, उरलेले तीन ‘इथे थांबा’ सांगणारे. मुलं तो तक्ता पाठ करतात. पण मला विचाराल तर खरी गंमत तक्त्यात नाही, तो लागू कोण करतं त्यात आहे. १९६२ मध्ये शापव्हील, लिपमन आणि सहकाऱ्यांनी अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या टी-आरएनए रेणूवर आधीच चढलेल्या सिस्टीनचं रासायनिक क्रियेनं अलानीन करून टाकलं. प्रथिनाची साखळी जोडणाऱ्या रायबोसोमनं ते सिस्टीनच्या जागी निमूट बसवलं. म्हणजे टी-आरएनएनं काय आणलंय, याची रायबोसोम फारशी झडती घेत नाही. योग्य टी-आरएनएवर योग्य अमिनो आम्ल चढवण्याची जबाबदारी सिंथेटेज या एन्झाइमांची. ती बदलली की तक्ता बदलला.

रसायनशास्त्रज्ञ पीटर शुल्ट्झ यांच्या गटानं नेमका तिथेच हात घातला. ई. कोलाय जिवाणूत यूएजी हा थांबा-कोडॉन सर्वांत कमी वापरला जातो, म्हणून तो मोकळा धरला. त्यासाठी टी-आरएनए आणि सिंथेटेजची जोडी आणली ती समुद्रतळाच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या आर्किआ गटातल्या एका सूक्ष्मजीवाकडून, कारण ई. कोलायची स्वतःची एन्झाइमं तिच्यात लुडबुड करत नाहीत. हे सिंथेटेज मुळात टायरोसीन उचलणारं. टायरोसीन ज्या खाचेत बसतं, तिथल्या पाच जागा त्यांनी हव्या तशा बदलू दिल्या. पाच जागी वीस-वीस पर्याय धरले तर ३२ लाख रूपं होतात. त्यांतलं कोणतं चालेल हे कागदावर सांगणं अशक्यच होतं.

म्हणून त्यांनी ते जिवाणूंवरच सोपवलं. पहिली चाळणी अशी: टायफॉइडवरचं जुनं औषध क्लोरॅम्फेनिकॉल पचवणाऱ्या जनुकाच्या मध्येच यूएजी घालायचा, आणि खाद्यात नवं अमिनो आम्ल मिसळायचं. एन्झाइमनं यूएजीवर काहीतरी बसवलं तर जनुक पूर्ण वाचलं जातं आणि जिवाणू जगतो. नाही तर औषधानं मरतो. पण नेहमीचं टायरोसीन बसवूनही जगता येतंच की! ही लबाडी पकडायला दुसरी चाळणी. आता खाद्यात नवं अमिनो आम्ल नाहीच. तरीही यूएजीवर काही बसवलं गेलं, तर ते नेहमीचंच, म्हणून तो जिवाणू बाद. दोन्हींतून आलटूनपालटून गाळत गेल्यावर जे उरलं ते ओ-मिथाइल टायरोसीन उचलणारं एन्झाइम. हे २००१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. प्रयोगशाळेत असं एन्झाइम घडवण्याच्या मार्गासाठी फ्रान्सेस अरनॉल्ड यांना २०१८ चं नोबेल मिळालं. सिटाग्लिप्टिन बनवण्यासाठीही मर्क आणि कोडेक्सिस यांनी २०१० मध्ये २७ बदल केलेलं एन्झाइम घडवलं होतं. त्यामुळे ऱ्होडियम आणि उच्च दाबाचा टप्पा टळला. मेडिकलमध्ये मिळणारी सिटाग्लिप्टिनची प्रत्येक गोळी त्याच पद्धतीची असते असं मात्र नाही.

पेशीला शिकवण्याच्या मार्गातल्या अडचणी यानं संपल्या नाहीत. यूएजीवर थांबवणारं प्रथिनही पेशीत असतंच, त्यामुळे पुष्कळ साखळ्या अर्ध्यावर तुटतात. ते प्रथिनच काढून टाकता यावं म्हणून २०१३ मध्ये जॉर्ज चर्च यांच्या गटानं ई. कोलायमधले सगळे ३२१ यूएजी बदलून टाकले. केंब्रिजच्या जेसन चिन यांनी २०१९ मध्ये १८,२१४ ठिकाणी कोडॉन बदलून फक्त ६१ कोडॉनांवर जगणारा जिवाणूच उभा केला.

दुसरी अडचण खुद्द चाळणीतच होती. तिच्यातून निभावायला रायबोसोमनंही नवं अमिनो आम्ल स्वीकारावं लागतं. एआयबीच्या जातीची, म्हणजे मधल्या कार्बनवर दोन गट असलेली आम्लं तो सहसा घेत नाही. मग एन्झाइम चांगलं असूनही जिवाणू मरतो आणि ते हातचं जातं. २०२४ मध्ये चिन यांच्या गटानं जिवाणूच्या जगण्यामरण्यावर विसंबणं सोडून, टी-आरएनएवर आम्ल चढलं का एवढंच थेट तपासण्याची पद्धत काढली. त्यातून अशी काही आम्लं जिवंत जिवाणूच्या प्रथिनांत प्रथमच शिरली.

बाजारात मात्र हे तंत्र बऱ्याच आधी पोचलं होतं, तेही गायींसाठी. २०१६ मध्ये अमेरिकेत इम्रेस्टर या इंजेक्शनाला मंजुरी मिळाली. विण्याच्या सुमारास गायीची प्रतिकारशक्ती घटते आणि कासदाह, आपल्याकडची ‘दगडी’, होण्याचा धोका वाढतो. या औषधातल्या प्रथिनात एका जागी पॅरा-ॲसिटाइल-फिनाइलॲलनीन बसवलं होतं. त्या जागेवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी जोडत, म्हणून प्रथिन रक्तातून लगेच निघून जात नसे. दोनच मात्रा पुरत: एक विण्याच्या आठवडाभर आधी, दुसरी व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत.