व्हॉन बंधूंची कबर

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या प्रारंभी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, तळेगाव दाभाडे (पुणे जिल्हा) येथे फाशी दिलेल्या दोन इंग्रज भावांचे दफनस्थान. मुंबई-पुणे जुन्या हमरस्त्यावर पुण्याच्या वायव्येस सुमारे ३२ किमी. वर ते असल्याची नोंद जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये आढळते.

दोघा भावांपैकी एक मद्रास सैन्यात कॅप्टन होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे लढाई होऊन पेशवे व इंग्रज यांच्यात उघड युद्ध सुरू झाले आणि संगमावरील रेसिडेन्सी जाळण्यात आली. त्या धामधुमीत मुंबई-पुणे मार्गावर प्रवास करीत असता हे दोघे तळेगावजवळ पकडले गेले. त्यांनी कोणताही प्रतिकार केला नाही. तरीही बाबाजीपंत गोखले नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांना फासावर चढविण्यात आले. ही हकिकत मुख्यतः जेम्स ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) दिली आहे. ग्रँट डफ हा स्वतः कंपनीचा लष्करी अधिकारी होता, हे ती वाचताना ध्यानात ठेवावयास हवे. मात्र कृत्याचा ठपका त्याने सरसकट सर्व मराठ्यांवर न ठेवता एका व्यक्तीचे नाव घेतले आहे.

ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे प्रेत चर्चच्या आवारात वा धर्मविधीने पवित्र केलेल्या दफनभूमीत पुरतात. पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी चर्च १८२५ मध्ये बिशप हेबर याच्या हस्ते प्रतिष्ठित झाले. तेव्हा १८१७ मध्ये हे चर्च नव्हते. कबर रस्त्याकडेला एकाकी आहे.

ही फाशी त्या काळच्या युद्धरीतीलाही धरून नव्हती, हे त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका घटनेवरून दिसते. हैदराबादहून पुण्यास येत असलेले हंटर व मॉरिसन हे दोन तरुण अधिकारी पुण्याच्या पूर्वेस उरुळी येथे मराठ्यांच्या हाती सापडले. त्यांना प्रथम कांगोरी व नंतर वासोटा किल्ल्यावर कैदेत ठेवण्यात आले आणि एप्रिल १८१८ मध्ये वासोटा पडल्यावर ते जिवंत सुटले. शत्रूचे अधिकारी किल्ल्यावर अडकवून ठेवणे हा नेहमीचा प्रघात होता व त्यात सोयही होती, कारण असे कैदी वाटाघाटीत उपयोगी पडत. तळेगावच्या हत्येने मराठ्यांचा काडीइतकाही लष्करी लाभ झाला नाही. उलट इंग्रजांना एक साधन मिळाले. एल्फिन्स्टनने फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात दुसऱ्या बाजीरावाचे राज्य खालसा करण्याची कारणे दिली, त्यांत गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाबरोबर (१८१५) प्रवासी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हत्येचाही समावेश होता. ३ जून १८१८ रोजी बाजीराव शरण आला.

तळेगावनजीकच्या वडगाव येथे कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट याची समाधी आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे तो मराठ्यांच्या माऱ्यात ठार झाला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि मावळात त्याच्या समाधीला लोक नवससायास करू लागले. फासावर चढविलेल्या व्हॉन बंधूंच्या वाट्याला असे लोकप्रिय नाव आले नाही. त्यांची आठवण राहिली ती इतिहासग्रंथांतील दोन-चार ओळी आणि रस्त्याकडेची ही कबर एवढ्यांतच.