विंचची केबल: बीहडात उतरण्याआधी

पावसाळ्यात ग्वाल्हेरहून मुरैना-भिंडकडे जीप नेणाऱ्यांना बीहडातली, म्हणजे नदीकाठच्या घळींतली, माती चांगलीच ठाऊक असते. उन्हाळाभर धूळ होऊन उडणारा नदीचा हा गाळ दोन मोठ्या सरींनंतर चाक गिळतो. मग गाडीच्या तोंडावरची विंच, म्हणजे ड्रमवर केबल गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, कामाला लागते, आणि केबलविषयीचे गैरसमज तिथेच जिवावर बेततात.

सर्वांत घातक समज म्हणजे, गाडी दोन टनांची तर दोन टनांची केबल पुरे. कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी हलवायला तिच्या वजनाच्या मानाने अगदी थोडा जोर लागतो, म्हणून हा हिशेब पटतो. चिखलात तो टिकत नाही. लष्करी रिकव्हरीत वापरतात तो ठोकताळा असा: गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. वर चढ असेल तर त्याचा भार वेगळा. माणसे आणि सामान धरून 2,200 किलोंची थार जीप मडगार्डपर्यंत बसली, तर 4,400 किलोंची ओढ लागेल. सर्रास मिळणाऱ्या 9,500 पौंडी विंचची कमाल ताकद सुमारे 4,300 किलो. तिच्यावर बहुधा असते ती 8 मिलिमीटरची पोलादी तार नवी असतानाच 4,400 किलोंच्या आसपास तुटते. विंच आणि तार यांच्यातले अंतर जेमतेम शंभर किलोंचे. तारेला एकदा गाठीसारखी मोड पडली की तेही संपले.

जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून ते पारखले, असे ग्वाल्हेरात पिढ्यानपिढ्या सांगतात. नेमके काय झाले असेल ते असो, त्यामागची समज पक्की आहे: पेलायचे त्याहून कितीतरी जास्त सोसेल अशीच रचना हवी. केबलचेही तसेच. तिची तुटण्याची मर्यादा विंचच्या कमाल ओढीपेक्षा स्पष्टपणे वर असली पाहिजे, आणि विंच निवडताना भरलेल्या गाडीच्या वजनाची दीडपट धरावी.

‘मग जाडजूड केबल लावा,’ असे मेकॅनिक सुचवतो. पण जाड केबलचे ड्रमवर थर जास्त होतात, आणि विंचच्या खोक्यावर छापलेली ताकद फक्त सर्वांत आतल्या थराची असते. वरच्या थरांवर ती सुमारे एक-तृतीयांशाने घटू शकते. त्यापेक्षा स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडता येणारी कप्पी, घ्यावी. ती झाडासारख्या आधाराला पट्ट्याने बांधायची; केबल तिच्यातून फिरवून परत गाडीला अडकवली की गाडीवरची ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. मात्र कप्पीला धरणारा पट्टा आणि शॅकल (जोडणारी कडी) यांच्यावर केबलच्या दुप्पट ताण येतो, हे विसरू नये.

सिंथेटिक दोरी म्हणजे नायलॉनची दोरी, हाही गैरसमजच. नायलॉन ताणले जाते आणि ताणात ऊर्जा साठवते. विंचला ते नको. विंचची दोरी डायनीमासारख्या पॉलिएथिलीन धाग्याची असते, ती फारशी ताणत नाही. 10 मिलिमीटरची चांगली दोरी 8 टनांच्या वर ताण सोसते. अशी 30 मीटर दोरी दोनेक किलोंच्या आत बसते. तेवढ्याच लांबीची, साधारण तेवढ्याच जाडीची पोलादी तार अकरा किलो भरते.

ग्वाल्हेरचे ऊन पाहून अनेकांना वाटते की सिंथेटिक दोरी वितळेल. हा धागा वितळतो 145 अंशांच्या आसपास. मे महिन्यातले 45-46 अंश त्याला काही करत नाहीत. खरा धोका ड्रमच्या आत असतो. पुष्कळ विंचमध्ये ब्रेक तिथेच बसवलेला असतो आणि भार धरून केबल सोडत राहिले की तो तापतो. धाग्याची ताकद तर सत्तरेक अंशांपासूनच घटू लागते. म्हणून आतल्या फेऱ्यांवर उष्णतारोधक वेष्टन हवे. उन्हातले अतिनील किरण मात्र वर्षानुवर्षे दोरी झिजवतात. गाडी उभी असताना विंचवर कव्हर घालावे.

‘सिंथेटिक तुटली तरी काही होत नाही’ यावर तर मुळीच विसंबू नये. ती हलकी असल्याने तारेइतकी झेपावत नाही, हे खरे. पण टोकाचा हूक किंवा शॅकल निसटला तर तो गोळीसारखाच येतो. केबल कोणतीही असो, तिच्यावर जड गोधडी किंवा डॅम्पर टाकावा आणि केबलच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. तार हाताळताना चामडी हातमोजे हवेतच. तुटलेल्या बारीक तारा तळहात फाडतात.

बीहडासाठी मी सिंथेटिकच घेईन. तिथे भक्कम झाड जवळ सापडत नाही, जोडदोरी खांद्यावर घेऊन घळ चढावी लागते, तेव्हा हलकी दोरीच बरी. मात्र तो बारीक गाळ धाग्यांत शिरून आतून कापत राहतो, म्हणून परतल्यावर साध्या पाण्याने धुणे भागच आहे. शिवपुरीकडच्या धारदार दगडांवर केबल घासणार असेल, तर तार जास्त टिकते. तारेवरून दोरीकडे वळताना जुने रोलर काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड, म्हणजे दोरी ज्यातून बाहेर येते ती चौकट, बसवावा. तारेने रोलरवर पाडलेले चरे नवी दोरी पहिल्याच ओढीत खरवडतात. आणि तुटलेल्या दोरीला गाठ मारू नये. गाठीत निम्मी ताकद जाते. आत गुंफून केलेला स्प्लाइस हाताने जमतो, तो घरी सावलीत बसून शिकून ठेवावा.